अक्षर न येणाऱ्यांची बँक

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणावर काही लिहा, असा चिटणीसांचा निरोप आला. शिक्षणावर या अंकात आमच्याहून जाणती मंडळी लिहितीलच. आम्ही घेतलेला विषय शिक्षणाच्या कडेचा आहे. ज्यांच्यापर्यंत शाळा पोहोचलीच नाही, किंवा पोहोचून दुसरी-तिसरीतच सुटली, अशा आपल्या खेड्यापाड्यांतील माणसांच्या हाती गेल्या दहा-बारा वर्षांत मोबाइल आला आणि त्या मोबाइलात बँक आली. ती बँक त्यांना वापरता येते काय, येत नसेल तर उणीव माणसात आहे की यंत्रात, आणि वापरता येईल असे यंत्र घडवावयाचे झाल्यास कोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या दारातही उभा आहे. शिष्यवृत्तीची रक्कम पूर्वी समारंभात पाकिटातून दिली जाई. आता ती आईच्या अथवा वडिलांच्या खात्यात परस्पर भरली जाते. हिशेबाच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. परंतु रक्कम जमा झाली की नाही हे विचारावयास ज्या माता तीन-तीन मैल चालून कार्यालयात येतात, त्यांच्या पदरात गुंडाळलेल्या मोबाइलवर त्याची वर्दी चार दिवसांपूर्वीच येऊन पडलेली असते. ती इंग्रजीत असते.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू. जनगणनेत सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते ती साक्षर. २०११ च्या गणनेत भारताच्या ग्रामीण भागातील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण शेकडा ५७.९३ होते, म्हणजे शंभरांतील बेचाळीस स्त्रिया या व्याख्येबाहेर राहिल्या. पुढे २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत तिच्या खात्यांची संख्या ५० कोटींवर गेली. खाते उघडण्याचा वेग शिकण्याच्या वेगाहून पुष्कळच अधिक राहिला, असा याचा अर्थ. शिवाय साक्षर आणि निरक्षर यांच्यामध्ये एक मोठा वर्ग आहे. त्याची गणना कोठे होत नाही, पण शिक्षकाला तो रोज भेटतो. पालकसभेच्या वहीत हे लोक सही ठसठशीत करतात. वहीत वर काय लिहिले आहे ते मात्र त्यांना वाचता येत नाही. दुकानाची पाटी ते ओळखतात, कारण ती रोज पाहतात. तीच अक्षरे दुसऱ्या पाटीवर आली की अडतात. अर्धसाक्षर म्हणजे कोण, याचे याहून नेमके वर्णन आम्हांस सुचत नाही.

आता या माणसाला काय येत नाही याची यादी शहाणी माणसे लगेच करतात. काय येते याची यादी कोणी करीत नाही, आणि यंत्र घडविणाऱ्याने आरंभ तेथूनच करावयास हवा. निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांकडे पाहा. मजुरी हजारावर मिळते. पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधताना हात मोजत असतो, डोळा दुसरीकडे असतो, तोंडाने गप्पा चाललेल्या असतात. किती विड्या मोडीत काढल्या, त्या वजा जाता मजुरी किती, त्यातून घेतलेली उचल किती फिटली, हा सारा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. आणि मुकादमाने दहा रुपयांची चूक केली तर त्याला ती दारातच ऐकून घ्यावी लागते. आमच्या सातवीच्या वर्गातील मुलांना शेकडेवारीची गणिते घालताना आम्हांस या बायांची नेहमी आठवण होते.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. तेथील स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा अर्जावर अंगठेच फार, या कारणाने तो परत आला. काही महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या की, आम्हांला वाचता येत नसेल, पण मुद्दल सांगा आणि व्याज विचारा. तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय ते करावयास सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. संस्थापिका चेतना सिन्हा यांनीच ही हकीकत जाहीरपणे सांगितली आहे. त्याआधी १९७४ साली अहमदाबादेस इला भट्ट यांच्या पुढाकाराने चार हजार कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून सेवा बँक उभी केली, तेव्हा सहीचा प्रश्न असाच आडवा आला होता. तो त्यांनी छायाचित्राने सोडविला: खातेदार बाईने आपल्या खात्याचा क्रमांक लिहिलेली पाटी हातात धरावयाची आणि तसा फोटो काढावयाचा. आपल्याकडील जुन्या कागदांतही शेतकऱ्याच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी आढळते. अक्षर नाही म्हणून व्यवहार अडला नाही. व्यवहारानेच आपली रीत बदलून घेतली.

तेव्हा आकडा येतो, हे गृहीत धरावयास हरकत नाही. परंतु कोणता आकडा? येथे आपल्या सीमाभागाची एक गंमत आहे, आणि पैशाच्या बाबतीत ती गंमत राहत नाही. मराठी शाळेत दोन वर्षे काढलेल्या आजीला देवनागरी अंक येतात. गावच्या एसटीवर आणि सरकारी पाटीवर कानडी अंक असतात. मोबाइलवर असतात ते इंग्रजी. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांचे रूप शेजारी ठेवून पाहा. मराठी चार आणि इंग्रजी आठ पाहा. आमच्या मोहल्ल्यातील काही थोर स्त्रियांना उर्दू अंक तेवढे येतात. त्यांतला पाच गोलसर असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. पन्नास लिहिलेला कागद दोन घरांत दोन तऱ्हांनी वाचला गेला तर नवल नाही. तरुण माणसे बसच्या तिकिटावरून, नोटेवरून, फोनच्या कळांवरून इंग्रजी अंक उचलतात. साठीच्या पुढच्यांकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

नोटेचे मात्र असे होत नाही. नोटेवर किंमत पंधरा भाषांच्या पट्टीत आणि शिवाय हिंदी-इंग्रजीत छापलेली असते, पण नोट ओळखणारा ती पट्टी वाचतो थोडीच. तो रंग पाहतो: शंभराची जांभळट, दोनशेची पिवळी, पाचशेची करडी. दृष्टिहीनांसाठी शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार रेघा, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेघा असतात. म्हणजे एकच किंमत अंक, अक्षर, रंग, आकार आणि स्पर्श अशा पाच वाटांनी सांगितलेली आहे. ज्याला जी वाट चालते त्याने तिने जावे. मोबाइलातल्या पैशाला रंग नाही, स्पर्श नाही. राहतो तो एकच अंक, आणि त्याच्या शेजारी शून्ये एक की दोन हे बोटभर काचेवर बारीक डोळे करून पाहावयाचे. रक्कम लिहिली जाताच तेवढ्या नोटांची चित्रे पडद्यावर उमटावीत आणि "बाराशे रुपये" असा उच्चार कानी पडावा, एवढी सोय अवघड नाही. ज्यांनी ही सोय करून पाहिली त्यांच्या प्रयोगांकडे पुढे येऊ.

त्याआधी मनीऑर्डरची आठवण काढली पाहिजे, कारण अक्षरशून्य माणसाला दूरचा पैसा पोहोचविणारी ती आपल्याकडील मोठी यंत्रणा होती. मुंबईच्या गिरणीतून खानापूर, चंदगड आणि कोकणात दरमहा जाणारा पैसा पोस्टमनच्या पिशवीतून आला. ते यंत्र कसे चाले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पोस्टमन घरी येई. पाठविणाऱ्याचे नाव तो मोठ्याने वाची, फॉर्मच्या खालच्या तुकड्यावरील चार ओळींचा मजकूर वाची, नोटा हातात मोजून देई, साक्षीदारासमोर अंगठा घेई आणि तो तुकडा बाईकडे ठेवून जाई. बोललेला शब्द, समोर मोजलेला पैसा, चार माणसांची साक्ष आणि मागे राहणारा कागद. पोस्टमनने रुपया-दोन रुपये ठेवून घेतल्याच्या तक्रारी त्या काळीही होत्याच. पण किती आले हे बाईला कळलेले असे, म्हणून तक्रार तरी करता येई. १ सप्टेंबर २०१८ पासून टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेच्या रूपाने पोस्टमन पुन्हा दारात येऊ लागला. आता त्याच्या हाती अंगठा घेणारे यंत्र असते.

या अंगठ्याच्या यंत्राविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण खेड्यात बँक म्हणजे हेच यंत्र. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना आपल्या वतीने गावोगावी प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. लोक त्याला बँक मित्र म्हणतात. बँकेचे नाव आणि आधार क्रमांक यंत्रात घालावयाचा, रक्कम टाकावयाची, बोट काचेवर ठेवावयाचे. ठसा जुळला की पैसे खात्यातून निघतात आणि मित्र ते रोख देतो. येथे पिन लागत नाही, सही लागत नाही, वाचावे लागत नाही. निरक्षरासाठी याहून सोपे काय असणार, असे पाहणाऱ्यास वाटते.

पण नीट पाहा. यंत्राचा पडदा कोणाकडे वळलेला असतो? मित्राकडे. रक्कम कोण टाकतो? मित्र. बाई देते ते फक्त बोट. आणि बोटाचेही दुखणे आहे: विडी वळून, भांगलण करून, सिमेंट कालवून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा ठसा पहिल्या वेळी जुळत नाही. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, डाव्या हाताचे, उजव्या हाताचे. प्रत्येक वेळी मित्र म्हणतो, "मावशी, आलं नाही, परत ठेवा." बहुतेक मित्र प्रामाणिक असतात, आणि दिवसभर ओळीतील माणसांचे बोलणे खाणारीही तीच मुले असतात. तथापि आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजीस एका गावी "सर्व्हर बंद आहे, उद्या या" असे सांगून परत पाठविण्यात आले आणि पासबुक भरून आणले तेव्हा त्याच दिवशी पेन्शनचे पैसे निघाल्याची नोंद सापडली. तिने बोट तीनदा ठेवले होते. त्यांतले कोणते खरे लागले हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. बाराशे रुपयांची गोष्ट. महिनाभराचे औषध आणि चहापत्ती त्यातून चाले. नातवाने दोन शाळा बुडवून खेटे घातले, तेव्हा ते परत मिळाले.

ही गोष्ट मित्राच्या नियतीची म्हणून सोडून देता येईल. आमच्या मते ती यंत्राच्या घडणीची आहे. बोट स्वीकारण्यापूर्वी यंत्राने बाईच्या भाषेत मोठ्याने बोलावे: "बाराशे रुपये काढावयाचे आहेत." ठसा जुळल्यावर बोलावे: "बाराशे निघाले, शिल्लक इतकी." न जुळल्यास बोलावे: "काही निघाले नाही." मित्राला वगळून ग्राहकाकडे तोंड केलेला छोटा पडदा असावा, किराणा दुकानातील तराजूला तो कधीपासून आहे. पावती निघते ती औष्णिक कागदावर, जी दोन महिन्यांत पांढरी पडते. त्यावरील मुख्य आकडा निदान मोठा असावा. यातील एकही गोष्ट नव्याने शोधावी लागणार नाही.

कारण बोलणारी पेटी तर आपल्या बाजारात आधीच आली आहे. दुकानातील चौकोनी ठिपक्यांचे चित्र टिपून गिऱ्हाइकाने पैसे पाठविले की गल्ल्याजवळची पेटी "पन्नास रुपये मिळाले" असे ओरडते. तीमुळे गर्दीच्या वेळी भाजीवाल्या बाईचे काम सोपे झाले. पूर्वी तिला गिऱ्हाइकाच्या फोनवरील हिरवी खूण पाहून विश्वास ठेवावा लागे, आणि तशी खूण दाखविणारी बनावट सोंगेही निघाली होती. आता ती कानाने खात्री करते. एक त्रुटी मात्र कोणी बोलत नाही: ही पेटी पैसे घेणाऱ्याशी बोलते. देणाऱ्याचा फोन बहुधा मुकाच असतो.

आता प्रयोगांकडे. बेंगळूर येथे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेत इंद्राणी मेधी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास घरकाम करणाऱ्या स्त्रियांसोबत बसून, पडद्यावर एकही अक्षर नसेल अशी मांडणी करून पाहिली. पुढे २००९ साली त्यांनी मोबाइलवरून पैसे पाठविण्याच्या तीन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली: एक अक्षरांची, एक केवळ संभाषणाची, आणि एक चित्र व आवाज मिळून. अक्षरांची पद्धत लोकांना नको होती, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. चित्र-आवाजाच्या पद्धतीत काम शेवटास नेणारे लोक अधिक निघाले. पण केवळ संभाषणाच्या पद्धतीत काम लवकर उरकले आणि मदत कमी लागली. म्हणजे सर्वांस एकच औषध चालत नाही. ज्याच्याकडे चांगला फोन आहे आणि वेळ आहे त्याला चित्र द्यावे, ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला आवाज द्यावा.

त्याच मंडळींच्या २०१३ च्या अभ्यासातील निष्कर्ष आम्हांस शिक्षक म्हणून अधिक मोलाचा वाटतो. आपण शिकलेली माणसे पेटीत पेटी ठेवण्यास सरावलेली असतो: पुस्तकात प्रकरण, प्रकरणात परिच्छेद, कपाटात फाइल, फाइलमध्ये कागद. फोनमध्येही "सेवा" दाबा, त्यात "बँक", त्यात "शिल्लक". ज्यांचे शालेय शिक्षण थोडे, त्यांना ही उतरंड अक्षराऐवजी चित्रांनी मांडली तरीही अवघड जाते. त्याच वस्तू एका सरळ यादीत समोर मांडल्या तर काम सोपे होते, असे त्या अभ्यासात दिसले. आपल्या अनुभवाशी हे जुळते. किराण्याच्या दुकानात डाळ, गूळ, तेल सारे नजरेसमोर असते, बोट दाखवावे आणि घ्यावे. कचेरीत मात्र कोणत्या खोलीत कोणता कागद हे आधी माहीत असावे लागते. फोनातील बँका कचेरीसारख्या बांधल्या आहेत. त्या दुकानासारख्या हव्या होत्या. पहिल्याच पडद्यावर चारच गोष्टी असाव्यात: पैसे किती आहेत, पैसे द्या, पैसे आले का, मदत. कर्जाच्या आणि सोन्याच्या जाहिराती तेथे लटकवू नयेत, असे आम्ही पुढे जाऊन म्हणतो; पण त्या लटकविण्यानेच त्या कंपन्यांचे पोट भरते, तेव्हा आमचे कोण ऐकणार?

चित्रांविषयीही सावध असावे. चित्र सर्वांना सारखेच कळते हा भ्रम आहे. शोधण्यासाठी भिंग, बदलासाठी दातेरी चाक, मुख्य पानासाठी घर ही चिन्हे शिकलेल्यांची सांकेतिक लिपीच आहे; अक्षरांप्रमाणे तीही शिकावी लागते. घराचे चित्र दाबले की आपल्या घरी पैसे जातील असे एखाद्यास वाटले तर तो चुकला असे आम्ही म्हणणार नाही. बचतीसाठी तर पुष्कळ ठिकाणी डुकराची आकृती दिसते. आमच्या मोहल्ल्यात ती पाहून काय उद्गार निघाले ते येथे लिहीत नाही. आपल्याकडे मातीचा गल्ला घरोघर असतो, तो काढावयास काय हरकत होती?

सर्वांत नाजूक बाब पिनची. चार किंवा सहा आकड्यांचा हा गुप्त अंक म्हणजे तिजोरीची किल्ली. घरोघरी ती पासबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली, नाहीतर नातवाला आणि दुकानदाराला सांगितलेली आढळते. यावर बाई निष्काळजी आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक तिला फोन वाचता येत नसल्यामुळे तो दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. आणि फोन ज्याच्या हाती, त्याला किल्लीही द्यावी लागते. यंत्र समजले असते तर गुपित राहिले असते. लबाडांनी याच फटीतून हात घातला. "तुम्हांला पैसे पाठवितो, घेण्यासाठी पिन टाका" असे सांगून त्यांनी कित्येकांची खाती रिकामी केली. पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हा एक नियम ज्याला ठाऊक होता तो वाचला. पण पिन मागणाऱ्या त्या पडद्याने स्वतःच "तुमचे पैसे जात आहेत" असे ठणकावून का सांगू नये? जाणाऱ्या पैशाला लाल पडदा आणि एक सूर, येणाऱ्याला हिरवा आणि दुसरा सूर, इतके केले तरी पुष्कळ झाले असते. अखेरीस नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यास सांगितले. शेकडो सूचनाफलकांपेक्षा हे एक दार बंद करणे अधिक उपयोगी, असे आम्हांस वाटते.

किल्ली देण्यावाचून ज्यांचे चालतच नाही, त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल नावाची व्यवस्था आली. खातेदाराने घरातील विश्वासाच्या माणसाला आपल्या खात्यातून खर्च करण्याची मर्यादित मुभा द्यावयाची: महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये आणि एका वेळी ५,०००, अथवा प्रत्येक वेळी खातेदाराने स्वतः होकार द्यावयाचा. पिन मात्र खातेदाराकडेच राहतो. पूर्वी एकत्र कुटुंबात सासू सुनेला बाजाराचे पैसे मोजून देई आणि तिजोरीची किल्ली कमरेलाच ठेवी, तसाच हा प्रकार.

ज्यांच्याकडे कळांचा साधा फोन आहे त्यांचीही कथा थोडी सांगितली पाहिजे, कारण यूपीआयची कीर्ती २०१६ पासून गाजते ती मुख्यतः काचेच्या फोनांवर. साध्या फोनवर तारा-नव्याण्णव-चौकट दाबून बँक उघडण्याची सेवा ऑगस्ट २०१४ पासून देशभर आहे. इंटरनेट लागत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु तीत पडद्यावर अक्षरांची यादी येते, तिला ठराविक वेळेत उत्तर द्यावे लागते, आणि वाचण्यास वेळ लागला की संभाषण तुटून आरंभापासून सुरू होते. शब्द जुळवून वाचणाऱ्यासाठी घाई करणारे यंत्र बांधणे म्हणजे पहिलीच्या मुलाला धावत्या फळ्यावरील धडा वाचावयास लावणे होय. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे सुरू केले, ते अधिक समजूतदार आहे: ठरलेल्या क्रमांकावर फोन लावून बोलत्या सूचनांप्रमाणे कळा दाबाव्यात, किंवा दुकानदाराच्या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यावा, उलट फोन येतो, त्यात पिन टाकून व्यवहार पुरा करावा. मिस्ड कॉल ही आपल्या गरीब माणसाने स्वतः शोधलेली बिनपैशाची भाषा. तिला बँकेत जागा मिळाली याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

वापरणाऱ्याने यंत्राला वळण लावावे, याचे मोठे उदाहरण आफ्रिकेतील आहे. केनियात एम-पेसाची चाचणी २००५ साली सुरू झाली ती लहान कर्जांचे हप्ते फोनवरून फेडण्यासाठी. लोकांनी ते यंत्र हाती घेतले आणि शहरातून गावी पैसे पाठविण्यास वापरू लागले. चालविणाऱ्यांनी हट्ट धरला नाही. मार्च २००७ मध्ये सेवा सुरू केली ती "घरी पैसे पाठवा" याच हाकेने. साधा फोन, चार आकड्यांचा पिन, गावच्या दुकानात बसलेला एजंट, त्याच्याकडील सहीची वही आणि दोघांच्या फोनवर पोहोचणारी वर्दी. आमच्या मनीऑर्डरशी त्याचे साम्य पाहून मौज वाटते.

चूक झाली तर काय, हा प्रश्न यंत्र घडविणारे शेवटी विचारात घेतात आणि वापरणारा सर्वांत आधी. खेड्यातील माणूस नव्या यंत्राला हात लावीत नाही याचे कारण बुद्धीचा मंदपणा नव्हे. पैसे गेले तर दाद कोणाकडे मागावी हे त्याला दिसत नाही. वास्तविक नियम आहेत. सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले तर ते पाच दिवसांत, आणि यूपीआयने व्यक्तीला पाठविलेले अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा व्हावयास हवेत. त्यापुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई आहे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर तितका पैसा पुढे सरकतो. पण अडकलेल्या व्यवहारावर पडद्यावर येते काय? "प्रलंबित". हा शब्द आमच्या दहावीच्या मुलांनाही आम्हांस समजावून द्यावा लागतो. "पैसे वाटेत आहेत, उद्या संध्याकाळपर्यंत परत येतील, न आल्यास ही कळ दाबा आणि बोला" एवढे मराठीत बोलणे यंत्राला जड जाऊ नये.

आपल्या सभासदांची पुष्कळ मुले आज पुण्या-बेंगळुरास संगणकाच्या कामात आहेत. त्यांतली काही नेमकी हीच यंत्रे घडवितात, हे आम्हांस त्यांच्याच तोंडून कळले. त्यांतील दोघे आमच्या हाताखालून गेलेले आहेत. त्यांना आमची विनंती आहे की सुटीला गावी आलात म्हणजे एक दिवस ट्रस्टच्या कार्यालयात बसा. आलेल्या बाईच्या हाती आपले यंत्र द्या आणि "हजार रुपये भावाला पाठवा" एवढेच सांगा. मग हात मागे बांधून पाहत राहा. फोन तिच्या हातातून घेऊ नका. आपल्या शिकलेल्या माणसांना याचाच मोह फार होतो, आणि ज्या क्षणी आपण फोन हातात घेतो त्या क्षणी ती पुन्हा दुसऱ्यावर अवलंबून होते. ती कोठे थांबते, कोणते चित्र पाहून गोंधळते, कोणत्या शब्दाला घाबरते हे टिपून ठेवा. काम झाल्यावर तिला विचारा: किती गेले, कोणाला गेले, किती उरले? तिन्ही उत्तरे तिने तुमच्या मदतीवाचून बरोबर दिली तर यंत्र उतरले. हिरवी खूण आली एवढ्यावर उतरले म्हणू नये.

आपल्या कार्यालयापुरते आम्ही विश्वस्त मंडळास एक सुचविले आहे. पुढील शिष्यवृत्ती खात्यांत भरली जाईल त्या दिवशी प्रत्येक घरी फोनवर मराठीत, आणि ज्यांना हवे त्यांना उर्दूत किंवा कानडीत, अर्ध्या मिनिटाचा बोलका निरोप जावा. तीत मुलाचे नाव, रक्कम, कोणत्या बँकेत भरली आणि पैसे काढताना कोणालाही पिन सांगू नये, एवढेच असावे. निरोपाचा आवाज अनोळखी नसावा. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज चारही वाड्यांत ओळखला जातो, आणि त्यांनी होकार दिला आहे.